सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी शरीर थकलेलंच

"टेन्शन नको घेऊस गं" हे वाक्य ऐकलं की आताशा मला राग येतो. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मान्य आहे, पण त्यामागे एक समजूत असते की टेन्शन ही फक्त डोक्यातली गोष्ट आहे आणि माणसाने मनावर घेतलं की ती बंद होते. सुरुवात डोक्यात होते हे खरंच आहे, पण पुढच्या काही सेकंदांत ते रक्तात उतरलेलं असतं आणि एकदा रक्तात उतरलं की हृदय, लिव्हर, आतडी, अंडाशय, केसांची मुळं, कोणीही त्यातून सुटत नाही. आणि असं महिनोन्‌महिने चालू राहिलं तर काय होतं ते आज नीट लिहायचंय, कारण माझ्या आजूबाजूला कितीतरी जण हातात नॉर्मल रिपोर्ट घेऊन थकलेले दिसतात आणि त्यांना वाटत राहतं की आपणच कुठेतरी कमी पडतोय.

तर आधी हे चालतं कसं ते बघू. दोन्ही किडन्यांच्या वर एकेक छोटी ग्रंथी बसलेली असते, ॲड्रेनल, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. धोका जाणवला की मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत थेट तिच्या आतल्या भागाला निरोप जातो आणि ॲड्रेनलिन सुटतं, त्याने छाती धडधडते, हात गार पडतात, तोंड कोरडं पडतं, पण हे ॲड्रेनलिन काही मिनिटांत विरूनही जातं. दुसरी लाट जरा सावकाश येते. मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो, त्याने मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी जागी होते आणि एसीटीएच सोडते, ते रक्तातून ॲड्रेनलच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचतं आणि मग कॉर्टिसॉल तयार होतं. प्रसंग सुरू झाल्यापासून साधारण वीस-तीस मिनिटांनी ते शिखरावर असतं. म्हणजे भांडण संपून गेलेलं असतं, समोरचा माणूस निघूनही गेलेला असतो आणि आपलं शरीर अजून त्याच खोलीत उभं असतं.

कॉर्टिसॉलचं काम काय तर साखर रक्तात आणायची, बीपी टिकवायचं, सूज आवरायची, आणि काम झालं की स्वतःच मेंदूला जाऊन सांगायचं की बास, आता थांबवा. हा परतीचा निरोप फार महत्त्वाचा आहे, पुढे त्याच्याकडे परत येते.

कॉर्टिसॉलला हल्ली व्हिलन करून टाकलंय ते मला अजिबात पटत नाही. कॉर्टिसॉलशिवाय माणूस जगूच शकत नाही. ॲडिसन्स डिसीजमध्ये ते शरीरात पुरेसं तयार होत नाही आणि त्या पेशंटना आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात, साध्या तापातही डोस वाढवावा लागतो नाहीतर जिवावर बेततं. निरोगी माणसात कॉर्टिसॉलला रोजची एक लय असते. पहाटेपासून ते वाढायला लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी घेतं, मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास अगदी तळाला जातं. सकाळी उठावंसं वाटणं आणि रात्री डोळे मिटणं या दोन्हीमागे ही लय आहे. आणि सततच्या ताणात बऱ्याचदा बिघडते ती हीच लय, सकाळी जितकं वर जायला हवं तितकं जात नाही आणि रात्री जितकं खाली यायला हवं तितकं येत नाही, त्यामुळे माणूस दिवसभर मरगळलेला आणि रात्री अंथरुणावर टक्क जागा.

शरीरावर ताणाचा ठसा उमटतो हे पहिल्यांदा स्पष्ट दाखवलं हान्स सेली यांनी, १९३६ साली, कॅनडातल्या माँट्रियलमध्ये. खरं तर ते नवीन सेक्स हार्मोन सापडतंय का ते बघत होते, उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचत होते, आणि त्यांना तीन बदल दिसले, ॲड्रेनल ग्रंथी मोठ्या झालेल्या, थायमस म्हणजे रोगप्रतिकारक पेशी जिथे तयार होतात ती ग्रंथी आक्रसलेली, आणि जठरात अल्सर. आधी वाटलं की नवीन हार्मोन सापडलं, पण मग लक्षात आलं की काहीही टोचलं तरी हेच होतंय, थंडीत ठेवलं तरी हेच, अतिश्रमानेही हेच. कारणं वेगवेगळी पण शरीराचं उत्तर एकच. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण आपल्याला एकाच वेळी पोटाचं, पाळीचं, सर्दीचं असं सगळं सुरू झालं की आपण चार वेगवेगळ्या डॉक्टरांकडे चार फाइली घेऊन फिरतो आणि मनात म्हणतो की मलाच कसं सगळं होतंय.

त्यात काही गूढ नाहीये. घरात अचानक मोठा खर्च आला की आपण रंगकाम पुढे ढकलतो, गळका नळ पुढच्या महिन्यावर टाकतो, शरीरही तेच करतं. आत्ता जगणं महत्त्वाचं, बाकी नंतर. आणि "बाकी"मध्ये येतं काय तर पुनरुत्पादन, वाढ, दुरुस्ती, पचन, केस, त्वचा. पंधरा मिनिटांच्या संकटासाठी हा हिशोब एकदम बरोबर आहे, पण संकट दोन वर्षांचं असेल तर?

पाळीचंच बघा. हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे हार्मोन सलग वाहत नाही, ठरावीक अंतराने ठोके पडावेत तसं सुटतं, पाळी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत साधारण तास-दीड तासाने एकदा. या ठोक्यांवर पिट्युटरीची एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स चालतात आणि त्यांच्यावर अंडाशय. ताणात सीआरएच आणि कॉर्टिसॉल दोघं मिळून हे ठोके मंद करतात, ठोके मंद झाले की अंडं वेळेवर तयार होत नाही, ओव्ह्युलेशन लांबतं किंवा होतच नाही आणि पाळी पुढे जाते. कधी कधी पूर्ण बंदही पडते, विशेषतः जोडीला खाणं कमी आणि व्यायाम जास्त असेल तर. म्हणजे अंडाशयात काही बिघाड नसतो, वरून निरोपच येत नसतो. सोनोग्राफी नॉर्मल येते ती म्हणूनच. पुरुषांमध्येही हीच साखळी आहे, फक्त महिन्याची खूण नसल्यामुळे कळत नाही. २०११ सालच्या एका अभ्यासात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. फक्त झोप कमी केली होती, दुसरं काहीही नाही.

थायरॉइडचंही थोडं तसंच आहे. ताण दीर्घ असेल तर थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरीचं टीएसएच हार्मोन थोडं दबतं आणि थायरॉइडच्या टी४ या हार्मोनचं टी३ मध्ये रूपांतर कमी होतं, आणि पेशींना काम करायला खरं टी३ च लागतं. पण म्हणून प्रत्येक थकव्याला थायरॉइडची गोळी नको, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

साखरेचा भाग जरा सविस्तर सांगते कारण तिथे लोक स्वतःला फार दोष देतात. कॉर्टिसॉल लिव्हरला सांगतं साखर तयार कर, आणि स्नायूंना सांगतं तू साखर कमी घे, म्हणजे पळायची वेळ आली तर मेंदूला कमी पडायला नको. रक्तात साखर वाढली की स्वादुपिंड इन्शुलिन वाढवतं, पण पेशी त्याला दाद देईनाशा होतात. आणि पोटाच्या आतल्या चरबीत कॉर्टिसॉलचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या जागा, जास्त असतात, त्यामुळे वजनाचा काटा फार हलला नाही तरी कंबर वाढते. भूक पण आपल्या हातात राहत नाही. २००४ साली बारा तरुणांवर झालेल्या अभ्यासात दोन रात्री चारच तास झोप दिली तर पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं आणि भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि त्यांना ओढ लागली ती गोड नि पिठूळ खाण्याची. आता मला सांगा, रात्र-रात्र जागणाऱ्या माणसाला "तुझा तोंडावर ताबा नाही" म्हणणं किती अन्यायाचं आहे!

आता ज्या गोष्टीमुळे मी हे सगळं लिहायला बसले ती. माझी एक मैत्रीण गेली काही वर्षं तिच्या वडिलांना सांभाळतेय, त्यांना डिमेन्शिया आहे. रात्री ते उठतात, दार उघडून बाहेर जायला बघतात, त्यामुळे तिची झोप कायम अर्धी. मध्ये तिचे केस इतके गळायला लागले की कंगव्यातून गुंता काढून ती तो मुठीत लपवायची. पाळी मागेपुढे, सर्दी हटत नव्हती, हाताला कापलेलं लवकर भरत नव्हतं. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. तिला सांगण्यात आलं, काही नाहीये, टेन्शन घेऊ नका. ती मला म्हणाली, "मला काही नाही गं झालेलं, माझे रिपोर्ट चांगलेत, मीच रडूबाई झालेय." मला त्या दिवशी काय बोलावं तेच सुचेना.

तिच्यासारख्या बायकांवरच झालेला एक अभ्यास आहे, १९९५ सालचा, अमेरिकेत ओहायोमध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ बायका घेतल्या आणि त्याच वयाच्या, तशाच आर्थिक परिस्थितीतल्या पण ही जबाबदारी नसलेल्या दुसऱ्या १३. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी गोल जखम केली, सगळ्यांची सारखीच. मग ती भरायची वाट बघितली. फोटो काढायचे आणि जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचं, फेस आला की जखम अजून उघडी, फेस यायचा थांबला की भरली. बाकीच्या बायकांची जखम सरासरी ३९.३ दिवसांत भरली, सांभाळणाऱ्या बायकांना ४८.७ दिवस लागले. नऊ दिवस जास्त! एका मसुराएवढ्या जखमेला. हा आकडा मी तिला वाचून दाखवला तेव्हा ती बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसली होती आणि मग म्हणाली, "म्हणजे हे खरंच होतंय तर."

असं का होतं तर ते परतीच्या निरोपामुळे, ज्याचं वर बोलले. कॉर्टिसॉल महिनोन्‌महिने दार ठोठावत राहिलं की पेशी त्याचं "बास" ऐकणं कमी करतात, मेंदूतल्या आणि रोगप्रतिकारक पेशीसुद्धा. मग सूज आवरणारं हार्मोन रक्तात असूनही सूज आवरली जात नाही, आणि जखमेच्या जागी रोगप्रतिकारक पेशींची जी चढाई वेळेवर व्हायला हवी ती उशिरा होते. सर्दीचंही तसंच. शेल्डन कोहेन यांनी १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या ३९४ निरोगी लोकांच्या नाकात चक्क सर्दीचे व्हायरस थेंबाने सोडले होते, आणि ज्यांच्यावर ताण जास्त त्यांना सर्दी व्हायचं प्रमाण जास्त निघालं. व्हायरस तोच, फरक होता तो माणसाच्या परिस्थितीचा.

केसांचंही सांगून टाकते कारण त्यात सगळ्यांची फसगत होते. एरवी डोक्यावरचे दहाएक टक्के केस विश्रांतीच्या अवस्थेत असतात. मोठा धक्का किंवा मोठं आजारपण आलं की एकदम खूप केस त्या अवस्थेत ढकलले जातात, पण गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. तोवर वाईट काळ सरलेला असतो, माणूस जरा सावरलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच केस हातात यायला लागतात, मग आपण तेल बदलतो, शाम्पू बदलतो, पाण्याला दोष देतो. हे केस बहुतेक वेळा परत येतात, फक्त वेळ लागतो.

आणि मेंदू. १९६८ साली ब्रूस मॅकएवन यांनी दाखवलं की कॉर्टिसॉलसारखी हार्मोन्स उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन चिकटतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे जिथे आठवणी बनतात ती जागा, आणि हाच भाग हायपोथॅलॅमसला "आता पुरे" असंही सांगतो. म्हणजे दीर्घ ताणाचा मारा ज्या भागावर जास्त बसतो, ताण थांबवायचं काम पण त्याच भागाकडे आहे. शब्द न आठवणं, गॅस बंद केला का ते दोनदा बघणं, हे त्या काळात होतं ते त्यामुळेच. याच मॅकएवन यांनी पुढे १९९३ मध्ये सगळ्या शरीरावर साठत जाणाऱ्या या झिजेचा एकत्र विचार मांडला, की बीपी, साखर, कंबर, सूज हे सुटं सुटं न बघता एकाच ओझ्याच्या खुणा म्हणून बघा. एकेक आकडा नॉर्मलच्या रेषेच्या आतच असतो पण सगळेच रेषेकडे सरकलेले असतात. माझ्या मैत्रिणीच्या फाइलमध्ये नेमकं हेच होतं, प्रत्येक आकडा काठावर.

आता "कॉर्टिसॉल टेस्ट करून घेऊ का" हा प्रश्न. सकाळी एकदा रक्त काढून बघितलेल्या कॉर्टिसॉलवरून तुमच्यावर किती ताण आहे हे कळत नाही. ती टेस्ट कुशिंग्ज (कॉर्टिसॉल फार जास्त होणं) किंवा ॲडिसन्स यांसारखे आजार शोधायला आहे. शिवाय दीर्घ ताणात कॉर्टिसॉल वाढलेलंच असतं असंही नाही, २००७ साली अनेक अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा दिसलं की ताण नवा असताना ते जास्त असतं आणि जसजसा काळ जातो तसतसं कमी होत जातं. म्हणून लगेच "ॲड्रेनल थकल्या" असाही निष्कर्ष काढू नका. ॲड्रेनल फटीग हे निदान एंडोक्रायनॉलॉजीत, म्हणजे हार्मोन्सच्या वैद्यकशास्त्रात, मान्य नाही, ग्रंथी थकत नाही, मेंदूकडून येणारे निरोप बदलतात. या नावाखाली जी सप्लिमेंट्स विकली जातात त्यांतल्या काहींची तपासणी केली तर त्यात थायरॉइडचं हार्मोन आणि स्टेरॉइड सापडली आहेत, लेबलवर त्याचा उल्लेखही नव्हता. थकलेल्या माणसाच्या असहायतेवर असा धंदा करणं मला अत्यंत चुकीचं वाटतं. कृपया असलं काही घेऊ नका.

मग करायचं काय? झोप सगळ्यात आधी, आणि उठायची वेळ रोज तीच, कारण कॉर्टिसॉलची लय सकाळच्या उजेडावर आणि उठण्याच्या वेळेवर बसते. रोज चालणं, अगदी दम लागेल इतकं नको. मिनिटाला सहाएक श्वास होतील असा सावकाश श्वास पाच-दहा मिनिटं घेतला तर हृदयाचे ठोके शांत होतात, याचा उपयोग आहे, पण श्वासाने ओझं जात नाही. हे मला ठासून सांगावंसं वाटतं. ज्याच्या खांद्यावर ओझं आहे त्यालाच पुन्हा "मेडिटेशन कर, पॉझिटिव्ह राहा" अशी आणखी कामं द्यायची, यात आपण मदत करत नाही.

जे वाइस (Jay Weiss) नावाच्या शास्त्रज्ञाचे १९७० च्या आसपासचे प्रयोग इथे आठवतात. दोन उंदरांना शेपटीला सारखेच विजेचे झटके, एकाच वेळी, तेवढेच. एकाला समोरचं चाक फिरवून ते थांबवता यायचे, आणि त्याने थांबवले की दुसऱ्याचेही थांबायचे, पण दुसऱ्याच्या हातात काही नव्हतं. झटके अगदी समान असून अल्सर दुसऱ्याला कितीतरी जास्त झाले. आणि आधी इशारा मिळाला, म्हणजे कधी झटका येणार आणि कधी नाही हे कळलं, तरीही अल्सर कमी. म्हणजे त्रास किती आहे यापेक्षा तो आपल्या हातात किती आहे आणि पुढे काय येणार हे किती कळतं, यावर शरीर बरंच काही ठरवतं.

हे वाचल्यावर मी मैत्रिणीच्या भावाशी बोलले. तो मदत करत होता, पण "काही लागलं तर सांग" अशी, आणि ती कधीच सांगत नव्हती. आता त्याच्या रात्री ठरलेल्या आहेत, आठवड्यातल्या दोन, त्या चुकत नाहीत, त्या रात्री ती दुसऱ्या खोलीत दार लावून झोपते. वडिलांचा आजार तेवढाच आहे, दिवसाची दगदग तीच आहे, पण त्या दोन रात्री येणारच हे तिला सोमवारीही माहीत असतं. सर्दीचं चक्र कमी झालंय, पाळी हळूहळू मार्गावर येतेय. तुमच्या घरात कोणी असं एकटं सांभाळत असेल तर त्यांना विचारत बसू नका काय हवंय, एक ठरलेली वेळ स्वतःच्या अंगावर घ्या आणि ती पाळा.

आणि एक, "स्ट्रेसच असेल" म्हणून घरी बसून राहायचं नाही. पाळी तीन महिने आली नाही तर प्रेग्नन्सी टेस्टपासून सुरुवात करून डॉक्टरांना दाखवा. कारण नसताना वजन उतरत असेल, छातीत दुखत असेल, कातडीवर रुंद जांभळे पट्टे आणि जिना चढताना मांड्यांत ताकद नाही असं असेल, किंवा कातडी काळवंडतेय, उभं राहिलं की चक्कर येतेय, सारखं खारट खावंसं वाटतंय असं असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा आणि ही सगळी लक्षणं एकाच कागदावर लिहून न्या, आधी कुठलं सुरू झालं त्या क्रमाने.